मनीला जुन्या घरीच ठेवून जावे काय?

पत्र : आम्ही अनेक वर्षे सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९ च्या महापुरात घरात पाणी आले, २०२१ मध्ये पुन्हा आले, आणि दोन्ही वेळा संसार उचलून नातेवाइकांकडे जावे लागल्यानंतर आता आम्ही विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आहे. वैशाखात वास्तुशांत करून लगेच राहायला जाण्याचा बेत आहे. प्रश्न आमच्या मनीचा आहे. ती सहा वर्षांची असून पिल्ले होऊ नयेत म्हणून तिचे ऑपरेशन केलेले आहे. दिवसभर ती कौलांवर, बोळात आणि शेजाऱ्यांच्या परसात हिंडते. जेवायला आणि झोपायला घरी येते. सासूबाईंचे म्हणणे असे की कुत्रे माणसाचे असते आणि मांजर घराचे, तेव्हा तिला इथेच राहू द्यावे, शेजारच्या काकू दूध-भाकरी घालतील. नऊ वर्षांची मुलगी मात्र मनीशिवाय यायला तयार नाही. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, पोत्यात घालून दोन-चार वळणे जास्त घेऊन न्या, म्हणजे तिला परतीची वाट सापडणार नाही. त्यातच सोसायटीच्या अध्यक्षांनी ‘आमच्याकडे प्राणी चालत नाहीत’ असे आधीच ऐकवले आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मनीला बरोबर न्या. सासूबाईंनी जे पाहिले आहे ते खरे आहे. घर बदलल्यावर मांजर जुन्या घरी परत गेल्याच्या हकिकती आपल्याकडे गल्लोगल्ली ऐकायला मिळतात आणि त्या साऱ्या काही रचलेल्या नसतात. परंतु त्यावरून मांजराला माणसाची ओढच नसते असे ठरत नाही. अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये याच प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांजराला अनोळखी खोलीत थोडा वेळ एकटे ठेवायचे आणि पाळणारी व्यक्ती परत आल्यावर ते कसे वागते हे पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यात सुमारे ६५ टक्के मांजरे आपले माणूस परत येताच निवळली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. म्हणजे परक्या जागी ओळखीचे माणूस हाच बहुतेक मांजरांचा आधार असतो. तुमची मुलगी हेच सांगत आहे, असे समजायला हरकत नाही.

मग मांजर जुन्या घरी का परतते? त्याच्या गालांवर, हनुवटीवर आणि पंजांच्या गादीत गंधग्रंथी असतात. मनी येता-जाता उंबऱ्याच्या चौकटीला गाल घासते, कपाटाच्या कोपऱ्याला हनुवटी लावते, त्या प्रत्येक वेळी ती तिथे आपला वास ठेवत असते, आणि गावभागातले तुमचे घर, ते कौल आणि तो बोळ असा सारा प्रदेश तिने सहा वर्षांत या वासाने आखून घेतलेला आहे. नव्या फ्लॅटमध्ये रंगाचा, पॉलिशचा आणि परक्या माणसांचा वास असतो, तिचा स्वतःचा कुठेच नसतो. अशा ठिकाणी दुसऱ्याच दिवशी दार उघडे मिळाले तर ती निघून जाते. तेव्हा वास रुजेपर्यंत दार उघडायचे नाही, हे या स्थलांतराचे मुख्य पथ्य आहे आणि बाकीची सारी तयारी त्याभोवतीची आहे.

तिला मागे ठेवण्याबद्दल आणखी दोन गोष्टी सांगणे भाग आहे. शेजारच्या काकूंच्या चांगुलपणाविषयी शंका नाही, पण मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागणारे टॉरिन नावाचे द्रव्य मांस-मासळीतूनच मिळते, आणि पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. आज मनी दूध-भाकरीवर धडधाकट दिसत असेल तर तिला तुमच्या घरातून किंवा उंदरांच्या रूपाने बाकीचे मिळत आहे म्हणून. दुसरी गोष्ट पाण्याची. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. ज्या घरात माणसांनी राहणे तुम्हाला सुरक्षित वाटत नाही, त्या घराच्या कौलावर मांजराला पावसाळ्यासाठी सोडून जाणे कितपत योग्य, याचा विचार सासूबाईंनाच करायला सांगावे; दोन्ही पूर पाहिलेल्या बाईंना ते समजावून सांगावे लागणार नाही. उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राणी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हादेखील आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये असल्यामुळे त्याचा धाक कुणाला वाटत नाही, हे वेगळे.

पोत्याचा सल्ला मात्र साफ बाजूला ठेवा. मांजर वाट डोळ्यांनीच पाहून ठेवते असे समजून तो दिला जातो. त्याने ना परतणे थांबते, ना काही सोपे होते. वैशाखाच्या उन्हात पोत्यात मांजर गुदमरते, आणि नव्या घरात ते पोते उघडताना त्याच्या मनात तुमची आणि त्या घराची पहिली ओळख भीतीचीच होते. जाळीच्या दाराची, टणक प्लॅस्टिकची मांजराची पेटी विकत मिळते. वरूनही उघडणारी मिळाली तर उत्तम, कारण घाबरलेल्या मांजराला समोरून ओढून काढण्यापेक्षा वरून अलगद उचलणे सोपे जाते. पेटी घ्यायची नसेल तर भाजीचे दोन सारख्या मापाचे प्लॅस्टिक क्रेट घेऊन, एकावर दुसरा उपडा ठेवून चारही बाजूंनी दोरीने किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळले तरी वीस-पंचवीस मिनिटांच्या प्रवासापुरते काम भागते. पेटी जाण्याच्या दिवशी माळ्यावरून काढू नका. निदान तीन आठवडे आधी ती दार उघडे ठेवून मनीच्या नेहमीच्या जागी मांडा, आत तिची वाकळ अंथरा आणि अधूनमधून तिचे जेवण आतच द्या, म्हणजे ती आपण होऊन तिथे झोपू लागेल.

ही वाकळ धुऊ नका, हे आवर्जून सांगतो. नव्या घरी जाताना सगळे कसे स्वच्छ धुऊन न्यावे ही आपली रीत आहे आणि ती चांगलीच आहे, पण मनीच्या दृष्टीने त्या मळक्या वाकळेतच तिचे निम्मे घर आहे. त्याच कारणाने जाण्याच्या आदल्या काही दिवसांत एक स्वच्छ सुती फडके रोज तिच्या गालांवरून आणि हनुवटीवरून हलकेच फिरवा आणि नव्या घरात सामान लागले की ते फडके पलंगाच्या पायांवर, दाराच्या चौकटीवर, कपाटाच्या कोपऱ्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर पुसून घ्या. हे काम मुलीकडे सोपवण्यासारखे आहे.

तुमच्या पत्रात एका अडचणीचा उल्लेख नाही, पण तीच सर्वांत आधी उभी राहणार आहे. मनी आजवर शी-शूसाठी परसातल्या मातीत जात आली आहे आणि तिसऱ्या मजल्यावर माती नाही. दुकानातून आणलेली मांजराची कृत्रिम वाळू पहिल्याच दिवशी तिच्यापुढे ठेवली तर ती तिला ओळखणार नाही आणि मग तुमची गादी किंवा पायपुसणे पसंत करील. म्हणून महिनाभर आधी एका पसरट घमेल्यात चार बोटे माती भरा, आणि ती माती तुमच्याच परसातली, ती जिथे जाते तिथली असू द्या. घमेले प्रथम परसातच ठेवा, मग मागच्या दारात, मग घराच्या आत आणा. तिला सवय झाली की थोडीथोडी वाळू मिसळत चला. निघताना त्या मातीची एक पिशवी बरोबर घ्या आणि त्यात तिने वापरलेली मूठभर माती मुद्दाम मिसळा. नव्या घरात घमेले तिच्या पाण्या-जेवणापासून दूर आणि माणसांच्या वर्दळीबाहेर ठेवा. सदा ओले असणारे न्हाणीघर ही त्यासाठी वाईट जागा आहे, कारण पंजे भिजलेले मांजरांना आवडत नाही.

रेबीजची लस राहिली असेल तर ती आताच, निघण्याच्या महिनाभर आधी टोचून घ्या, आणि त्याच भेटीत मनीचे वजन करून ते लिहून ठेवा. पुढे तिने खाणे कमी केले तर तो आकडा उपयोगी पडतो.

आता वास्तुशांतीविषयी. होमाचा धूर, दिवसभर उघडे दार, जिन्यात चपलांचा ढीग, पन्नास-साठ पाहुणे आणि त्यांची मुले, या गर्दीत मनीला नेऊ नका. मुलगी हट्ट करील, तरी नेऊ नका. विधी उरकू द्या, मांडव आणि भाड्याची भांडी परत जाऊ द्या, सामान लागू द्या, आणि मग दोन दिवसांनी तिला शेवटी आणा. तोवर घरातल्या एकाने जुन्या घरी मुक्काम ठेवावा. टेम्पो येईल त्या दिवशी सकाळीच, हमाल येण्यापूर्वी, तिला रिकाम्या केलेल्या खोलीत पेटी, पाणी आणि घमेल्यासह कोंडून दारावर ‘आत मांजर आहे, दार उघडू नये’ अशी चिठ्ठी लावा. घरात गडबड झाली की मांजर दिवाणाच्या खणात, गादीच्या वळकटीत, कधी वॉशिंग मशीनच्या पिंपातसुद्धा जाऊन बसते, आणि दिवाण टेम्पोत चढल्यावर आतून आवाज येऊ लागला की सगळ्यांचीच तारांबळ उडते.

फरशीच्या फिनाइलबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण नवे घर म्हटले की आपण पहिली बाटली तीच आणतो. फिनॉलच्या जातीची द्रव्ये शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृताची एक यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. ओल्या फरशीवरून चालल्यावर मांजर पंजे चाटते आणि ते द्रव्य थेट पोटात जाते. तोंडातून लाळ गळणे, अडखळत चालणे, उलट्या ही त्याची लक्षणे. कुत्र्याला जे सोसते ते मांजराला सोसेलच असे नाही. तेव्हा नव्या घराची फरशी मनी येण्याच्या आधीपासूनच साध्या साबणाच्या पाण्याने आणि मग स्वच्छ पाण्याने पुसा. नव्या कपाटांत टाकलेल्या डांबराच्या गोळ्या आणि पूजेनंतर इकडेतिकडे राहिलेल्या कापराच्या वड्याही उचलून ठेवा. दोन्ही तिच्यासाठी विषारी आहेत. प्रवासात शांत राहावी म्हणून किंवा अंग गरम लागले म्हणून माणसाची गोळी तिला मुळीच देऊ नका. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ती फारच भित्री असेल तर प्रवासापुरते औषध पशुवैद्यकांकडूनच घ्या.

प्रवास पहाटे किंवा दिवेलागणीला करा. निघण्यापूर्वी चार-पाच तास जेवण देऊ नका, पाणी चालेल. पेटीवर पातळ सुती कापड टाका, हवा खेळती राहील एवढी फट ठेवा, आणि ती टेम्पोत न देता स्वतःच्या गाडीत, पुढच्या सीटच्या मागे खाली टेकवून ठेवा. रिक्षानेच जायचे असेल तर पेटी मांडीवर न ठेवता पायाशी घट्ट धरा आणि दार ओढणीने बांधून टाका. वाटेत ती ओरडेल. कितीही ओरडली तरी पेटी उघडायची नाही.

नव्या घरात पहिले आठ-दहा दिवस तिला पूर्ण फ्लॅट देऊ नका, एकच खोली द्या. स्वयंपाकघर किंवा बैठकीची खोली नको; मुलीची झोपायची खोली सर्वांत बरी. तिथे आधीच वाकळ, घमेले, पाणी आणि आडवे ठेवलेले एक रिकामे खोके मांडून ठेवा, दार-खिडक्या बंद करा, पेटीचे दार उघडा आणि बाजूला व्हा. ती बहुधा थेट पलंगाखाली जाईल आणि पहिला दिवस तिथेच काढील. तिला ओढून काढू नका, पलंगाखाली वाकून बॅटरीही मारू नका. मुलीने खोलीत बसून आपला अभ्यास मोठ्याने वाचावा, मनीकडे बघूही नये. सासूबाई तिला रोज सकाळी ज्या वाटीत आणि ज्या हाकेने घालतात, तीच वाटी आणि तीच हाक इथेही असू द्या. आठवडाभरात ती शेपटी उभी ठेवून दारापर्यंत येऊ लागली आणि चौकटीला गाल घासू लागली, की दुसरी खोली उघडायची वेळ झाली असे समजा.

पहिली रात्र तिने काही खाल्ले नाही तर घाबरू नका. बरीच मांजरे घर झोपल्यावर जेवतात. मात्र पूर्ण चोवीस तास घास पोटात गेला नाही तर दुसऱ्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा. मांजराने, विशेषतः स्थूल मांजराने, सलग काही दिवस अन्न सोडले तर अंगातली चरबी यकृतात साठून जिवावर बेतते. घमेल्यात पुन्हा पुन्हा बसूनही लघवी होत नसेल तर दिवस उजाडण्याचीही वाट पाहू नका. हा धोका बोक्यांमध्ये जास्त असला तरी ताणाखाली मादीलाही त्रास होतो.

पुढचा प्रश्न गच्चीचा आणि खिडक्यांचा. मांजर कुठूनही पडले तरी चार पायांवर उतरते, या समजुतीवर विसंबून जाळी लावायची राहते. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यकांनी १९८७ मध्ये उंच इमारतींतून पडून उपचारासाठी आलेल्या १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली, आणि त्यांतली ९० टक्के वाचली होती. हा आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात. पण ही दवाखान्यापर्यंत पोहोचलेली मांजरे होती, जागीच गेलेली त्यात धरलेली नाहीत, आणि वाचलेल्यांपैकीही अनेकांना छातीला, जबड्याला आणि पायांना गंभीर इजा झालेल्या होत्या. मनी कौलांवर वाढलेली आहे. तिला उंचीची भीती नाही, आणि समोरच्या कठड्यावर कबुतर बसले की ती उडी घेणार. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर चावून तोडू शकते, सरकत्या खिडक्यांची डासांची जाळी तर नुसत्या ढुशीने निसटते. बाल्कनीला बारीक भोकांची वेल्डमेशची जाळी बसवून घ्या, आणि ती मनी येण्यापूर्वी बसवा. ‘पुढच्या आठवड्यात येतो’ म्हणणारा फॅब्रिकेटर किती आठवड्यांनी येतो हे सांगलीकरांना सांगायला नको.

पुढे तिला बाहेर सोडावे काय? माझे मत सोडू नये असे आहे. तिसरा मजला, लिफ्ट आणि सांगली-मिरज रस्त्याची रहदारी या तिन्हींचा तिला काडीचा अनुभव नाही. कौले गेल्याचे तिला जाणवेल. पहाटे आणि संध्याकाळी ती दारापाशी बसून काही आठवडे गळा काढील, आणि त्या वेळी दार उघडले किंवा उठून खायला दिले तर ओरडले की मिळते हे ती पक्के शिकेल. त्याऐवजी दिवेलागणीला सुतळीला बांधलेल्या चिंधीमागे तिला पंधरा मिनिटे दमेपर्यंत पळवा आणि लगेच जेवण द्या. कपाटाच्या माथ्यावर चढायला एक टप्पा करून द्या आणि जाळी लावलेल्या खिडकीत बसायला फळी ठोका. उंचावर बसून खालची वर्दळ न्याहाळायला मिळाली की तिचे बरेचसे समाधान होते.

सोसायटीच्या अध्यक्षांशी वाद घालू नका, पण त्यांच्या म्हणण्याने बिचकूही नका. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला रहिवाशांच्या पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही नाही, आणि लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही. घाण आणि गोंगाट होऊ न देण्याची जबाबदारी मात्र पाळणाऱ्याची आहे. लसीकरणाच्या कार्डाची प्रत आणि मांजर घरातच राहणार असल्याचे चार ओळींचे पत्र आपणहून सचिवांकडे दिले, तर पुढचा निम्मा विरोध मावळतो, असे मी अनेक वाचकांच्या बाबतीत पाहिले आहे.

एवढे करूनही एखाद्या दिवशी दार उघडे राहील आणि मनी जाईल, हे गृहीत धरून गावभाग सोडण्यापूर्वीच एक बंदोबस्त करा. तिच्या गळ्यात ओढ बसताच सुटणारा पट्टा घाला आणि त्यावर न पुसणाऱ्या शाईने तुमचा फोन नंबर लिहा. शेजारच्या काकूंना आणि बोळातल्या आणखी दोन घरांना तिचा फोटो पाठवून ठेवा, आणि काकूंना हात जोडून सांगा की ती दिसली तर तिला कोंडून तुम्हाला फोन करावा, पण खायला घालून परत सोडू नये; त्यांनी मायेने दिलेल्या दोन-चार जेवणांनंतर तिला विश्रामबागेची आठवण ठेवण्याचे कारण उरणार नाही. फोन आला की त्याच दिवशी पेटी घेऊन जा, आणि परत आणल्यावर पुन्हा पहिल्यापासून, त्याच एका खोलीपासून सुरुवात करा. जून ते सप्टेंबर या महिन्यांत ती गेली तर फोनची वाटही पाहू नका. पुलाची पातळी चढणीला लागली असेल तर बोळात पाणी येण्याच्या आत तुम्ही स्वतः जाऊन तिला शोधलेले बरे.